स्वप्नांचं नंतर बघू, पहाटे तीनला उठवतंय कोण?

निपाणीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वय ४६, किराणा मालाचं दुकान, नऊ वर्षांचा मधुमेह. अडीच महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी साखर आणि वजन दोन्हींसाठी सेमाग्लुटाइडचं आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. वजन ९८ वरून ९० किलोवर आलं. दोन आठवड्यांपूर्वी डोस ०.५ वरून १ मिलिग्रॅम झाला आणि तेव्हापासून रात्रभर सिनेमा चालू असल्यासारखी स्वप्नं पडतायत. विहिरीत पडतोय, दुकानाला आग लागलीय, गेल्या वर्षी वारलेले वडील अंगणात उभे राहून जेवायला वाढ म्हणतायत. पहाटे तीनच्या सुमाराला दचकून जाग येते, बनियन घामानं भिजलेलं असतं, सकाळी डोकं जड. साखरेच्या गोळ्या निपाणीच्या जुन्या डॉक्टरांच्या, सकाळ-संध्याकाळ, आणि बीपीची एक, त्या पूर्वीसारख्याच चालू आहेत. बायको म्हणते इंजेक्शन बंद करा. आई म्हणते सौंदत्तीला जाऊन यल्लम्माची ओटी भरून या. त्यांना विचारायचंय ते एवढंच, की हे इंजेक्शनमुळे होतंय का आणि बंद करू का.

आधी उत्तर सांगून टाकतो. इंजेक्शनचा हात असू शकतो, पण तुमच्या लिहिण्यात मला स्वप्नांपेक्षा घाम जास्त खटकला. इंजेक्शन मनानं बंद करू नका. आज रात्री तीनला जाग आली की उठून बसा, बोटाला सुई टोचा आणि साखर बघा. बाकी सगळं त्यानंतर.

आता हे असं का म्हणतो ते.

बेळगावात मेडिसिनची प्रॅक्टिस करून मला वीसहून जास्त वर्षं झाली. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं, आणि ओपीडीत वजनाच्या इंजेक्शनची चौकशी करणाऱ्यांची रांग लागली. त्यातले बरेच जण महिन्या-दोन महिन्यांनी खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली आणून सांगतात, "डॉक्टर, एक विचारू का, हसू नका. स्वप्नं लई पडतात बगा." मळमळ आणि बद्धकोष्ठता लोक मोकळेपणानं सांगतात, स्वप्नं सांगायला लाजतात. आमच्याकडं निम्मे पेशंट कन्नड बोलणारे. त्यांच्या भाषेतही कनसु 'बीळतात', म्हणजे पडतातच. पडणारी गोष्ट वरून येते, म्हणून माणूस आधी वर बघतो: देव, पितर, कुणाची नजर. औषधाची चिठ्ठी काढून बघावी हे शेवटी सुचतं. तुम्हाला आधी सुचलं, हे चांगलं झालं.

स्वप्नं सगळ्यांनाच रोज पडतात. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी स्वप्नांचा टप्पा येतो. रात्रीच्या सुरुवातीला तो काही मिनिटांचा असतो, पहाटेकडं लांबत जातो. आपण झोपून राहिलो तर सकाळी त्यातलं काही आठवत नाही. त्या टप्प्यात किंवा तो संपता संपता कुणी उठवलं तर मात्र स्वप्न ताजं हातात सापडतं, वासासकट, आवाजासकट. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं म्हणतात. खरं होतं की नाही ठाऊक नाही, पण लक्षात राहतं ते पहाटेचंच, आणि त्याचं कारण हे आहे. म्हणून कुणी "स्वप्नं वाढली" म्हटलं की मी त्याचा अर्थ बहुतेक वेळा "जाग वाढली" असा घेतो. विहीर कुठली आणि आग कशाची हे मी फारसं विचारत नाही. किती वाजता जाग आली, तेव्हा अंगात काय होत होतं, तोंड कोरडं होतं का, छातीत जळजळ होती का, लघवीला जावं लागलं का, हे खोदून विचारतो. तुम्हाला उठवणारा सापडला की स्वप्नांचा निम्मा बंदोबस्त होतो.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय रात्री उतरणाऱ्या साखरेवर आहे. त्यासाठी एक गोष्ट सांगतो, चूक माझीच होती.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम करणारे, बावन्न वर्षांचे गृहस्थ. तीन महिन्यांची सरासरी साखर बरीच चढलेली, म्हणून इंजेक्शन सुरू करताना मी जुन्या गोळ्या तशाच ठेवल्या. साखर एवढी वर आहे, कुठं खाली जातेय, असा हिशेब केला. दुसऱ्या महिन्यात त्यांची भूक एकदम मेली. सेकंड शिफ्टहून अकराला घरी यायचे, अर्धी भाकरी मोडून ताट सरकवायचे आणि संध्याकाळची साखरेची गोळी, ग्लिमेपिराइड, मात्र इमानानं घ्यायचे. त्यांची बायको एकटी येऊन सांगून गेली, "झोपेत ओरडतात. बैल मागं लागला म्हणतात. उठवलं तर ओळखत न्हाईत दोन मिनिटं." ते 'ओळखत न्हाईत' ऐकून माझ्या डोक्यात घंटा वाजली. तिला म्हटलं, आज ओरडले की आधी साखर बघा आणि मला फोटो पाठवा.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी फोटो आला. गोधडीवर ठेवलेलं ग्लुकोमीटर, पडद्यावर ५१, आणि शेजारी स्टीलच्या बशीत अर्धा खाल्लेला कुंदा. खाली मेसेज, "कुंदा दिलाय." पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायला सांगितलं तर ५३. बेळगावच्या घरात गोड म्हणजे कुंदा, त्या माउलीचं काही चुकलं नाही. पण कुंदा म्हणजे आटवलेला खवा. त्यातल्या तुपामुळं साखर रक्तात सावकाश उतरते, आणि ज्याच्या पोटाची चाल इंजेक्शननं आधीच मंदावलीय त्याच्या पोटात तर कुंदा बसूनच राहणार. मग चार चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायला लावली. पुढचा आकडा ८४. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळची ग्लिमेपिराइड काढून टाकली. चार दिवसांत बैल गेला.

आता त्यामागचं कारण. सेमाग्लुटाइड एकटं असताना साखर धोकादायक खाली सहसा नेत नाही, कारण रक्तात साखर वाढली तरच ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन मागतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्यांचं तसं नाही. पोटात अन्न असो नसो, त्या स्वादुपिंडाला ढोसत राहतात. तुम्ही पूर्वी रात्री तीन भाकऱ्या खात होता तेव्हा तो डोस बरोबर होता. आता एक भाकरी खाता, आठ किलोनं उतरलायत आणि गोळी तीच. इंजेक्शन सुरू करतानाच या गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस कमी करायचा का, हा विचार व्हायला लागतो. मेटफॉर्मिनचा असा धोका नाही. पण आपल्याकडं बहुतेकांना ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळतं, आणि पेशंटला ती फक्त 'साखरेची गोळी' म्हणून माहीत असते. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती आपल्या सीमाभागातली खास. कागद दोन राज्यांत वाटलेले असतात. स्पेशालिस्ट कोल्हापूरचा, कारण निपाणीहून तासाभराचा रस्ता, भाषेची अडचण नाही आणि मेहुणा तिथं राहतो. रोजचा डॉक्टर गावातला. रक्त तिसऱ्याच ठिकाणी तपासलेलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी विचारलं असेल, "आणखी काय चालू आहे?" आणि तुम्ही म्हणाला असाल, "साखरेची गोळी आहे की." निपाणीच्या डॉक्टरांना तर इंजेक्शनचा पत्ताच नसेल. मी कुणाला दोष देत नाही. निम्मी चिठ्ठी एकीकडं आणि निम्मी दुसरीकडं असली की गोळी कमी करायची कुणी, हा प्रश्न मध्येच लोंबकळत राहतो. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून ती पिशवीच दोघांना दाखवा. तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

तर तीन रात्री, तीन वाजता, साखर मोजा. जाग आली नाही तरी एका रात्री गजर लावून मोजा. झोपेत शरीराचा धोक्याचा भोंगा मंद असतो, त्यामुळं साखर उतरूनही बरेच जण उठतच नाहीत. सकाळी फक्त उशी ओली आणि डोकं ठणकत असतं. आकडा ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी घ्यायचं, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, आणि वर आल्यावर थोडं दूध किंवा पोळीचा तुकडा खायचा, कारण या गोळ्यांचा अंमल तासन्‌तास राहतो आणि साखर दुसऱ्यांदा उतरू शकते. ५४ च्या खाली आकडा आला तर सकाळ उजाडताच डॉक्टरांना फोन, पुढच्या व्हिजिटची वाट बघायची नाही. आणि वहिनींना आत्ताच सांगून ठेवा: हाक मारल्यावर नीट उत्तर देत नसाल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट गाडीत घालून दवाखाना. मशीन घरात नसेल तर विकत घ्या. आईंचं जुनं असेल तर स्ट्रिपची मुदत बघा, मुदत गेलेल्या स्ट्रिपवर भरवसा ठेवून काही ठरवायचं नसतं.

बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. ते मला हवं आहे. मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल असेल तर दोन कारणांनी. एक, या जातीच्या गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, स्वतःच काही जणांना ठसठशीत, कधी भयंकर स्वप्नं पाडतात. दोन, साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर त्या दाबून टाकतात. घाम मात्र दाबत नाहीत. नुसता घामच येऊन बनियन भिजणारा पेशंट म्हणूनच मला अस्वस्थ करतो. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल तर ही शंका बाजूला ठेवता येते. दम्यासाठी किंवा सर्दीसाठी मॉन्टेलुकास्ट घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. त्या गोळीनं झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडं ती सर्दीच्या गोळीत मिसळून सर्रास दिली जाते.

समजा तिन्ही रात्री साखर ११०-१२० आली. मग उठवणारा दुसरा कुणीतरी आहे.

तुमच्या दुकानाकडं बघून माझं दुसरं बोट पोटाकडं जातं. शटर ओढायला साडेनऊ, जेवायला दहा, पाठ टेकायला अकरा. पूर्वी हे चालून गेलं. आता इंजेक्शननं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, डोस वाढल्यावर तर आणखीच. दहा वाजता खाल्लेलं मटण आणि भात अकराला तसाच आत असतो, आडवं झालं की आंबट पाणी घशाकडं सरकतं आणि झोप पुन्हा पुन्हा चाळवते. प्रत्येक वेळी पूर्ण जाग येईलच असं नाही, पण स्वप्नाचा एक तुकडा हाताला लागतो. यावर औषधाआधी डबा. साडेसात-आठला दुकानातच एक भाकरी, आमटी, भाजी खाऊन घ्या. घरी आल्यावर हवं तर ताक, तेही थोडंच. झोपताना डाव्या कुशीवर. उशा वाढवून उपयोग नाही, त्यानं मान वाकते आणि पोट दाबलं जातं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट सरकवा. माझ्या अनुभवात औषधं घेऊन न गेलेली जळजळ विटांनी गेल्याची बरीच उदाहरणं आहेत, पण पेशंटला विटा सांगितल्या की तो डॉक्टर बदलतो.

तिसरं म्हणजे घोरणं. ९८ किलो असताना घोरत होता का, हे वहिनींना विचारा, तुम्हाला माहीत नसणार. घोरता घोरता आवाज एकदम बंद, मग घुसमटून मोठा श्वास, असं असेल तर तो झोपेत श्वास अडण्याचा आजार. गंमत अशी की रात्रीचा घाम आणि सकाळचं जड डोकं ही दोन्ही लक्षणं त्यातही येतात, म्हणजे तुमचं सगळं वर्णन साखरेशिवायही जुळू शकतं. म्हणून तर मी आकडा मागतोय, नुसत्या वर्णनावर विसंबत नाहीये. वजन उतरलं की हा आजार सुधारतो. टिर्झेपाटाइड, म्हणजे मौंजारोमधलं औषध, लठ्ठ माणसांतल्या या आजारासाठीच अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. त्यात स्वप्नांचाही एक धागा आहे. श्वास सगळ्यात जास्त अडतो तो स्वप्नांच्या टप्प्यात, त्यामुळं अशा माणसाची ती झोप वर्षानुवर्षं तुटत आलेली असते. नाकाला मास्क लावून उपचार सुरू केले की पहिल्या काही रात्री थकलेली बाकी वसूल केल्यासारखी भरपूर स्वप्नं पडतात. वजन उतरतानाही काही जणांत हेच सावकाश होत असावं, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर स्वप्नं वाढूनही माणूस सकाळी टवटवीत उठतो. तुम्ही जड डोक्यानं उठता, म्हणून तुमच्याकडं हे लागू पडेल असं वाटत नाही.

आता तुम्ही लिहिलं नाही, पण मी सगळ्यांना विचारतो ते: दारू किंवा तंबाखू सुटली का? या इंजेक्शनावर काही जणांची खाण्याबरोबर पिण्याचीही इच्छा कमी होते. गोव्याहून चोर्ला घाटातून गाडीत दारूचा खोका घालून आणणारे माझे एक पेशंट म्हणाले, "दोन महिने झाले, खोका तसाच हाय, उघडायची वासनाच न्हाई." दारू स्वप्नांचा टप्पा दाबून ठेवते. ती सुटली की दाबलेली स्प्रिंग उसळावी तशी स्वप्नं उसळतात, काही दिवस ते काही आठवडे. तंबाखू, मिस्री, सिगारेट सुटल्यावरही झोप अशीच बिघडते. तुम्ही निपाणीचे, तंबाखूच्या पेठेतले, म्हणून विचारलं, राग मानू नका. असं असेल तर ही स्वप्नं एका चांगल्या गोष्टीची किंमत आहेत आणि आपोआप ओसरतात. फक्त रोज भरपूर पिणाऱ्यानं ती एकदम तोडू नये, त्यात फिट येण्याचा धोका असतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे.

आणि कमी खाणं हेच एक कारण असू शकतं, इंजेक्शन असो वा नसो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ती मुलं दिवसभर खाण्याविषयी बोलायची, पाककृती वाचत बसायची आणि रात्री स्वप्नातही जेवायची. अनगोळच्या माझ्या एका पेशंट बाईंना स्वप्नात रोज मांडे दिसायचे, तव्यावर पसरलेले, पण त्या उलटायला गेल्या की फाटायचे. दिवसाला किती खाता विचारलं तर दोन चहा, दोन इडल्या आणि रात्री वाटीभर भात. भूक मेली म्हणून गरज मरत नाही. त्यांना मी प्रथिनं वाढवायला सांगितलं: सकाळी अंडी, दुपारी मुगाची उसळ, संध्याकाळी दही. मांडे अजून दिसतात म्हणाल्या, पण फाटत नाहीत. तुमचे वडील स्वप्नात येऊन जेवायला मागतात, ते वाचून मला या बाई आठवल्या.

वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी भरभर सांगतो. थायरॉइडची गोळी चालू असेल आणि दहा-बारा किलो उतरले असाल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. तोच डोस आता जास्त पडून धडधड आणि निद्रानाश होऊ शकतो. आणि रात्री पाय शिवशिवतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं असेल तर नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही बघा. खाणं घटलेल्या बायकांत लोह कमी पडलेलं पुष्कळदा सापडतं.

आता थेट इंजेक्शनविषयी. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता, थकवा ही या औषधाची ठरलेली दुखणी. स्वप्नं त्या यादीत वरच्या ओळींत नाहीत. पण 'यादीत नाही म्हणजे होतच नाही' असं म्हणणारा डॉक्टर मी नाही. ज्या हार्मोनची ही नक्कल आहे ते जीएलपी-१ आतड्यात बनतं, तसं मेंदूच्या देठातही बनतं, आणि भूक व मळमळ जिथून हलते त्या भागांत त्याचे रिसेप्टर असतात. औषधानं नाडीचे ठोकेही मिनिटाला थोडे वाढतात. तेव्हा डोस वाढल्यावर झोप हलकी होणं मला अशक्य वाटत नाही, आणि माझ्याकडं आलेल्यांत ते डोस वाढल्यानंतरच्या आठवड्यांतच जास्त दिसलंय. पुढं बहुतेकांचं निवळलं. ज्यांचं निवळलं नाही त्यांना मागच्या डोसवर आणखी एक-दोन महिने ठेवलं. १ मिलिग्रॅमवर जायची घाई कुणालाच नसते. ०.५ वर वजन आणि साखर उतरत असेल तर तिथंच थांबायला काय हरकत आहे, हे कोल्हापूरच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

इंजेक्शन रात्रीऐवजी सकाळी घेऊ का, असं पुष्कळ जण विचारतात. घ्या, पण फार आशा ठेवू नका. सेमाग्लुटाइड अर्धं उतरायला जवळजवळ आठवडा लागतो. रात्री घेतलं काय, सकाळी घेतलं काय, रक्तातली पातळी एका रात्रीत चढ-उतार करत नाही. मळमळ मात्र काही जणांना पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असते. ते दिवस बाजाराच्या गर्दीत येत असतील तर वार बदलता येतो, फक्त दोन डोसांत किमान दोन दिवसांचं अंतर ठेवायचं.

याच हिशेबानं वहिनींच्या सल्ल्याचंही सांगतो. आज इंजेक्शन बंद केलं आणि परवा शांत झोप लागली, तर दोष इंजेक्शनचाच होता असं ठरत नाही, कारण परवा ते जवळजवळ पूर्ण अंगातच असणार. पूर्ण जायला पाच आठवडे तरी लागतात. मधल्या काळात भूक परत येते, साखर चढते, आणि खरा उठवणारा, म्हणजे गोळी किंवा उशिराचं जेवण, तसाच राहतो. दोन-तीन डोस चुकल्यावर पुन्हा सुरू करताना थेट १ मिलिग्रॅम घेऊ नका, पोट उलटून येईल. कितीपासून सुरू करायचं ते विचारून घ्या.

थांबायचं कधी, तेही सांगतो. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन पाठीकडं जात असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ दिसत असेल, तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका आणि त्याच दिवशी दाखवा. झोपेत नुसतं ओरडत नाही तर लाथा मारता, पलंगावरून उडी घेता, शेजारच्याला लागतं, असं असेल तर ते मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं दुखणं आहे, इंजेक्शनवर ढकलून सोडू नका. आणि मन सतत खचलेलं राहत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तेही मोकळेपणानं सांगा. २०२३ च्या जुलैमध्ये आइसलँडमधून अशा तक्रारी आल्यावर युरोपच्या औषध संस्थेनं तपास केला आणि एप्रिल २०२४ मध्ये या औषधांशी संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. पण संबंध असो नसो, तसे विचार आले तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, त्यावर कन्नड आणि मराठी दोन्हींत बोलता येतं.

राहिलं सौंदत्ती. आईंना घेऊन अवश्य जा, देवीला जायला माझी चिठ्ठी लागत नाही. फक्त डोंगर चढण्याआधी काही खा, खिशात साखरेची पुडी ठेवा आणि ऊन चढायच्या आत दर्शन आटपा. वडिलांच्या स्वप्नाचं मी मुद्दाम काही लिहिलं नाही. त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं असणार, आणि वडील गेल्यावरच्या पहिल्या वर्षात ते स्वप्नात येणं याला मी आजार म्हणत नाही. तीनला जाग येणं थांबलं तरी ते कधीतरी येतील. फक्त तेव्हा बनियन कोरडं असेल.

तीन रात्रींचे आकडे, बीपीच्या गोळीचं नाव आणि साखरेच्या गोळीच्या पाकिटावर जे काही छापलंय ते जसंच्या तसं, एवढं कळवा. आकडा ७० च्या खाली आला तर मला कळवत बसू नका, आधी निपाणीच्या डॉक्टरांना फोन करा. ते जवळ आहेत.